स्नूकरची जागतिक क्रमवारी बक्षिसाच्या पैशांत मोजावी का?

विश्रामबागकर (सांगली)

व्यावसायिक स्नूकरमधील रँकिंग स्पर्धांचे, म्हणजे ज्यांवरून जागतिक क्रमवारी ठरते त्या स्पर्धांचे, अंतिम सामने आपल्याकडे आवडीने पाहिले जातात. मात्र त्या स्पर्धेतील एका विजयाची किंमत कशी ठरते आणि त्या किमतीवर खेळाडूचे पुढचे वर्ष कसे अवलंबून असते, याची चर्चा फारशी होत नाही. सांगली हे बुद्धिबळाचे गाव आहे. येथे नवा खेळाडू समोर आला की आधी त्याचे गुणांकन विचारले जाते, आणि म्हणूनच हा विषय येथे मांडावा असे मला वाटले. स्नूकरची जागतिक क्रमवारी २०१४-१५ च्या हंगामापासून केवळ बक्षिसाच्या रकमेवर ठरते. या पद्धतीतून खेळाडूची कमाई अचूक कळते, पण त्याचा कस कळत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

थोडा इतिहास सांगणे आवश्यक आहे. स्नूकरची अधिकृत क्रमवारी १९७६ मध्ये सुरू झाली. आधीच्या तीन जागतिक अजिंक्यपद स्पर्धांतील कामगिरीवरून ती काढली गेली आणि रे रिअर्डन पहिला अग्रमानांकित ठरला. पुढची काही वर्षे अजिंक्यपद स्पर्धा हीच एकमेव रँकिंग स्पर्धा होती. १९८२ पासून तिच्या जोडीला इतर स्पर्धा आल्या आणि प्रत्येक स्पर्धेचे गुणांचे कोष्टक ठरू लागले. स्टीफन हेंड्री १९९० ते १९९८ अशी सलग आठ वर्षे अग्रस्थानी राहिला, तो या गुणांच्या काळात. २०१० मध्ये बॅरी हर्न यांच्याकडे व्यावसायिक स्नूकरची सूत्रे गेली, स्पर्धांची संख्या झपाट्याने वाढली आणि चार वर्षांनी गुणांच्या जागी थेट पौंड आले. आता खेळाडूने मागील दोन वर्षांत रँकिंग स्पर्धांतून जेवढे पौंड मिळवले, तेवढे त्याचे गुण असतात. एखादी स्पर्धा झाली की तिची रक्कम खात्यात जमा होते आणि दोन वर्षांपूर्वी त्याच स्पर्धेत मिळालेली रक्कम खात्यातून वजा होते.

ही पद्धत ऐकायला सरळ आहे, परंतु तिचे परिणाम पाहावेत. शेफील्डच्या क्रूसिबल थिएटरमध्ये १९७७ पासून भरणाऱ्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत उपांत्यपूर्व फेरीत हरणाऱ्या खेळाडूला गेली काही वर्षे ५० हजार पौंड मिळत आले आहेत. तेथवर पोहोचण्यासाठी त्याला पहिला सामना जास्तीत जास्त १९ फ्रेमचा (फ्रेम म्हणजे एक डाव) आणि दुसरा २५ फ्रेमचा खेळावा लागतो; म्हणजे आधी दहा आणि मग तेरा, अशा किमान २३ फ्रेम जिंकाव्या लागतात, आणि तो थेट प्रवेश मिळालेल्या पहिल्या सोळांपैकी नसेल तर त्याआधीच्या पात्रता फेऱ्या वेगळ्या. दुसरीकडे ‘शूट आउट’ ही स्पर्धा आहे. तेथे प्रत्येक सामना एकाच फ्रेमचा आणि फार तर दहा मिनिटांचा असतो. पहिल्या पाच मिनिटांत एका फटक्याला १५ सेकंद आणि नंतरच्या पाच मिनिटांत १० सेकंद दिले जातात. २०१७ पासून ही रँकिंग स्पर्धा आहे आणि गेली काही वर्षे विजेत्याला ५० हजार पौंड मिळत आले आहेत. १२८ खेळाडूंतून विजेता ठरायला सात फेऱ्या लागतात, म्हणजे सात फ्रेम. घड्याळाशी शर्यत लावून जिंकलेल्या या सात फ्रेम आणि क्रूसिबलवर दोन-तीन सत्रांत एकेक करून मिळवलेल्या त्या २३ फ्रेम क्रमवारीच्या लेखी अगदी समान ठरतात. शूट आउट प्रेक्षकांना आवडते आणि ती अवश्य व्हावी. परंतु तिचा हिशेब या तागडीत असावा, हे मला मान्य नाही.

दुसरा मुद्दा रक्कम खात्यातून गळण्याचा. बेल्जियमचा लुका ब्रेसेल २०२३ पूर्वी क्रूसिबलवर एकही सामना जिंकला नव्हता. त्या वर्षी तो विश्वविजेता झाला, ५ लाख पौंड खात्यात आले आणि तो क्रमवारीत दुसऱ्या स्थानी पोहोचला. दोन वर्षांनी ही रक्कम एका दिवसात वजा झाली आणि तो पहिल्या सोळांच्या बरेच बाहेर फेकला गेला. २०२५ मध्ये चीनचा झाओ शिनतोंग तर हौशी खेळाडू म्हणून पात्रता फेरीतून आला, अंतिम सामन्यात मार्क विल्यम्सला १८-१२ असे हरवून विश्वविजेता झाला आणि जवळजवळ त्या एका रकमेच्या बळावर थेट अकराव्या स्थानी आला. दोघांचेही खेळकौशल्य वादातीत आहे. पण खेळाडूचा खेळ एका रात्रीत इतका उंचावत नाही आणि दोन वर्षांनी एका सकाळी इतका खालीही येत नाही, हे आपण सर्व जाणतो.

तिसरी गोष्ट म्हणजे स्पर्धेचे वजन प्रायोजकाच्या तिजोरीवरून ठरते. २०२४ मध्ये सौदी अरेबियातील रियाधला नवी रँकिंग स्पर्धा सुरू झाली. इंग्लंडच्या जड ट्रम्पने अंतिम सामन्यात मार्क विल्यम्सला १०-९ असे हरवले आणि त्याला ५ लाख पौंड मिळाले. त्यामुळे पहिल्याच वर्षी ही स्पर्धा क्रमवारीच्या दृष्टीने जागतिक अजिंक्यपदाच्या बरोबरीची ठरली. उद्या कोणी ७ लाख पौंड देऊ केले तर ती स्पर्धा जगज्जेतेपदापेक्षा मोठी मानायची का?

बुद्धिबळात प्रतिस्पर्धी किती बलवान होता हे पाहून गुण मिळतात किंवा जातात. स्नूकरलाही तसे करता येईल का, आणि करावे का, यावर जाणकारांनी लिहावे. भारतीय खेळाडूंचा विचारही यात यावा, कारण या पद्धतीचा सर्वाधिक जाच क्रमवारीच्या तळाशी असणाऱ्यांना होतो, आणि आपले खेळाडू बहुधा तेथेच झगडत असतात.

पटावरचा उंट (सांगली)

धागा वाचून आनंद झाला. नूतन बुद्धिबळ मंडळाच्या स्पर्धा पाहत ज्यांचे बालपण गेले आणि बुद्धिबळ संघटक भाऊसाहेब पडसलगीकरांनी या गावाला लावलेली शिस्त ज्यांनी जवळून अनुभवली, त्यांना गुणांकनाचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. तरीही इतर वाचकांसाठी थोडक्यात लिहितो. जागतिक बुद्धिबळ महासंघाने १९७० मध्ये एलो पद्धत स्वीकारली. तिच्यात दोन खेळाडूंच्या गुणांकनातील फरकावरून अपेक्षित निकाल काढला जातो. फरक २०० गुणांचा असेल, तर वरच्या खेळाडूने शंभर डावांत सुमारे ७६ गुण मिळवणे अपेक्षित असते. त्याने अपेक्षेइतकेच मिळवले तर त्याचे गुणांकन जागचे हलत नाही. खालच्या खेळाडूने बरोबरी जरी साधली, तरी त्याला त्याचे फळ मिळते.

स्नूकरच्या आताच्या पद्धतीत हे फळ कोठेच नाही. १२० व्या क्रमांकाच्या मुलाने पहिल्या फेरीत जगातील तिसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूला ३-३ पर्यंत झुंजवले आणि शेवटची फ्रेम काळ्या चेंडूवर गमावली, तर क्रमवारीत त्याची नोंद ०-४ ने हरणाऱ्याच्या शेजारी, त्याच आकड्याने होते. हे मला फार अन्यायाचे वाटते.

परंतु एलोचा एक दोष प्रामाणिकपणे सांगितला पाहिजे. गुणांकन जपण्यासाठी न खेळणे, हा रोग बुद्धिबळाला जडलेला आहे. गुणांकन वाढले की काही खेळाडू दुबळ्या प्रतिस्पर्ध्यांच्या खुल्या स्पर्धा टाळतात, कारण तेथे मिळवायचे थोडे आणि गमवायचे पुष्कळ असते. पैशांच्या क्रमवारीत असे घरी बसून चालत नाही. न खेळणाऱ्याची जुनी रक्कम गळत राहते आणि नवी येत नाही. विश्रामबागकरांनी हा मुद्दा विचारात घ्यावा.

पोवई नाका (सातारा)

मी मूळ लेखकांशी बऱ्याच अंशी असहमत आहे. स्नूकरची टेबले चालवणारा माणूस म्हणून आणि हा खेळ रोज डोळ्यांसमोर पाहणारा म्हणून लिहितो.

पहिली गोष्ट, व्यावसायिक खेळाडू पगारावर नसतो. प्रवास, मुक्काम, सरावाच्या टेबलाचे भाडे, सगळे त्याच्या खिशातून जाते. तो बक्षिसावर जगतो, म्हणून बक्षिसावर त्याची क्रमवारी ठरवणे यात मला विसंगती दिसत नाही. दुसरी गोष्ट, गुणांचे कोष्टक कोणी तरी कार्यालयात बसून ठरवत असे. अमुक स्पर्धेला इतके गुण का आणि तमुक स्पर्धेला कमी का, याचे उत्तर सामान्य प्रेक्षकाला मिळत नसे. पौंडांचा हिशेब मात्र साताऱ्यात बसून कोणीही कागदावर मांडू शकतो. स्पर्धा चालू असतानाच कोण पहिल्या सोळांत आला आणि कोण चौसष्टच्या खाली घसरला, हे सांगता येते. हा पारदर्शकपणा थोडा थोडका नाही.

आता तळाच्या खेळाडूंबद्दल. व्यावसायिक वर्तुळ साधारण १२८ खेळाडूंचे आहे. हंगामाच्या शेवटी पहिल्या ६४ जणांचे स्थान टिकते. नव्याने आलेल्याला दोन वर्षांचे टूर कार्ड, म्हणजे व्यावसायिक स्पर्धा खेळण्याचा परवाना, मिळते आणि तेवढ्या मुदतीत त्याने चौसष्टात शिरायचे असते, अथवा शेवटच्या एका वर्षाच्या कमाईच्या यादीतून वाचायचे असते. तेही जमले नाही तर क्यू स्कूल नावाच्या प्रवेश स्पर्धेतून पुन्हा यावे लागते. बऱ्याच रँकिंग स्पर्धांत पहिल्या फेरीत हरणाऱ्याला वर्षानुवर्षे एक पौंडही मिळत नसे. २०२२-२३ च्या हंगामापासून प्रत्येक खेळाडूला हंगामात किमान २० हजार पौंड मिळतील अशी हमी दिली गेली. ती बक्षिसांतून वळती होणारी उचल आहे, तरीही तिने दिलासा दिला. माझ्या मते दुखणे पहिल्या फेरीच्या शून्यात आहे आणि इलाजही तेथेच हवा. बक्षिसाची वाटणी सुधारली की क्रमवारी आपोआप सुधारेल.

भारतीय खेळाडूला पहिली फेरी इतकी जड का जाते, याचे एक कारण टेबलातच आहे, ते येथे सांगतो. साताऱ्यात जुलै-ऑगस्टमध्ये भिंतींना ओल येते, तशी ती टेबलाच्या कापडालाही येते. सकाळी खोली उघडली की कापडावर हात ठेवताच गारवा जाणवतो. आमचे मार्कर (टेबलाची देखभाल करणारे) आधी बॉल्ककडून, म्हणजे फ्रेम जेथून सुरू होते त्या टोकाकडून, काळ्या चेंडूच्या ठिपक्याकडे, म्हणजे कापडाच्या लवेच्या दिशेने, ब्रश फिरवतात; मग इस्त्री तापवून आधी कागदावर टेकवून पाहतात, कागद पिवळा पडला तर थांबतात, आणि त्यानंतरच त्याच दिशेने लांब, न थांबता, इस्त्री ओढतात. उलट दिशेने एकदा जरी ओढली तरी लव उभी राहते आणि हळू सोडलेला चेंडू मधूनच वळतो. एवढे करूनही पावसाळ्यात चेंडू जड चालतो आणि कुशनवरून (टेबलाच्या रबरी कडेवरून) मेल्यासारखा परततो. रँकिंग स्पर्धेतील टेबलाच्या पाटीखाली हीटर असतात, कापड पातळ आणि नवे असते, आणि पॉकेटची तोंडे ठराविक साच्याने तपासलेली असतात. आपला मुलगा तेथे पहिला सेफ्टी फटका (प्रतिस्पर्ध्याला सोपी संधी न ठेवणारा बचावात्मक फटका) मारतो तो नेहमीच्या जोराने, आणि पांढरा चेंडू बॉल्क कुशनवर आदळून परत मधोमध येऊन थांबतो. हे जुळवून घेईपर्यंत चार फ्रेम जिंकायचा सामना संपलेला असतो. क्रमवारीचे गणित कोणतेही लावा, हा पराभव पराभवच राहील.

मिरजकर

एक शंका आहे. लंडनची मास्टर्स स्पर्धा इतकी प्रतिष्ठेची मानली जाते, मग तिचे पैसे क्रमवारीत का धरत नाहीत?

विश्रामबागकर (सांगली)

मिरजकर, मास्टर्सला पहिल्या सोळा खेळाडूंनाच निमंत्रण असते. ज्या स्पर्धेत उरलेल्या शंभराहून अधिक व्यावसायिकांना प्रवेशाची संधीच नाही, तिची रक्कम क्रमवारीत धरली तर वरचे आणखी वर जातील आणि खालच्यांना ती दरी कधीच ओलांडता येणार नाही. म्हणून सर्व व्यावसायिकांना खुली असणे, ही रँकिंग स्पर्धेची मूळ अट आहे आणि ती योग्यच आहे.

याच न्यायबुद्धीने केलेला आणखी एक नियम येथे नोंदवतो. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत पहिले सोळा मानांकित खेळाडू थेट क्रूसिबलवर येतात. त्यांच्यापैकी कोणी पहिलाच सामना हरला, तर त्याला बक्षिसाची रक्कम मिळते, परंतु क्रमवारीत ती धरली जात नाही. त्याच फेरीत हरलेल्या पात्रता खेळाडूची तेवढीच रक्कम मात्र धरली जाते, कारण त्याने आधीचे सामने जिंकून ती कमावलेली असते. म्हणजे पैसा आणि गुण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे नियम करणाऱ्यांनाही ठाऊक आहे. एका ठिकाणी त्यांनी हा भेद मान्य केला आहे, तर शूट आउटच्या बाबतीत तो का मान्य करू नये, हा माझा प्रश्न पोवई नाका यांना आहे.

पारदर्शकतेचा त्यांचा मुद्दा मात्र वजनदार आहे आणि पटावरचा उंट यांनी सांगितलेला न खेळण्याचा धोकाही खरा आहे.

कृष्णाघाट (वाई)

या चर्चेत महिला खेळाडूंचा उल्लेख यायला हवा, म्हणून लिहिते. २०१७ मध्ये सिंगापूरला झालेल्या महिलांच्या जागतिक अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात आपली विद्या पिल्लै हाँगकाँगच्या एनजी ऑन-यी हिच्याशी निर्णायक फ्रेमपर्यंत लढली आणि ५-६ अशी हरली. २०२१-२२ च्या हंगामापासून महिलांच्या टूरमधील यशस्वी खेळाडूंना मुख्य व्यावसायिक वर्तुळाचे दोन वर्षांचे कार्ड मिळू लागले, हा फार चांगला निर्णय झाला. परंतु त्या मुली या वर्तुळात येतात तेव्हा त्यांच्या खात्यात शून्य पौंड असतात आणि जिंकलेली सारी पदके बाहेर ठेवून त्यांना सुरुवात करावी लागते. एलोसारखे गुणांकन असते, तर बारा वेळा जगज्जेती ठरलेली रीॲन एव्हान्स आणि कालपर्यंत कोणाला ठाऊक नसलेला एखादा नवखा खेळाडू यांचा आरंभ एकाच आकड्यापासून झाला नसता. मी या बाबतीत विश्रामबागकरांच्या बाजूची आहे.

पोवई नाका (सातारा)

विश्रामबागकर, शूट आउटबद्दल तुमचे म्हणणे मला पटते. एका फ्रेमच्या स्पर्धेची रक्कम क्रमवारीतून वगळावी, यावर माझा विरोध नाही. परंतु तेवढ्यासाठी सगळी पद्धत मोडण्याची गरज नाही.

कृष्णाघाटताई, तुमचा मुद्दा मनाला लागला. पण महिला टूरवरील गुणांकन आणि मुख्य टूरवरील गुणांकन एका मापाने मोजायचे तर दोन्हीकडच्या खेळाडूंचे आपसांत पुरेसे सामने व्हायला हवेत. तेच आज होत नाहीत. आधी सामने, मग गणित.

कऱ्हाडचा वाचक

माझा मुलगा शाळेतून आल्यावर नियमाने सराव करतो आणि त्याची जिद्द पाहून मला ही चर्चा केवळ वाचून सोडवेना. २०१३ मध्ये दिल्लीला झालेल्या इंडियन ओपनमध्ये आपला आदित्य मेहता अंतिम फेरीत पोहोचला होता. ती रँकिंग स्पर्धा होती ना? मग नंतर आपल्या मुलांना तसे यश का मिळाले नाही आणि ती स्पर्धा आता का होत नाही? मुलाला या मार्गाने पाठवावे का, याविषयी जाणकारांनी मोकळेपणाने लिहावे, ही विनंती.

विश्रामबागकर (सांगली)

होय, ती पूर्ण दर्जाची रँकिंग स्पर्धा होती. रँकिंग स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोहोचलेला आदित्य मेहता हा पहिला भारतीय. अंतिम सामन्यात डिंग जुनहुईने त्याला ५-० असे हरवले. परंतु त्या हंगामात डिंगने पाच रँकिंग स्पर्धा जिंकून हेंड्रीच्या विक्रमाशी बरोबरी केली, हे लक्षात घेतले तर त्या पराभवाचे वाईट वाटण्याचे कारण नाही. त्याच वर्षी पंकज अडवाणीने वेल्श ओपनची उपांत्यपूर्व फेरी गाठली होती. पुढच्या वर्षी मेहताने जर्मनीतील पॉल हंटर क्लासिकमध्ये १४७ चा पूर्ण ब्रेक, म्हणजे एकाच खेपेत मिळू शकणारे सर्वाधिक गुण, केला; व्यावसायिक स्पर्धेत अशी कामगिरी करणारा तो पहिला भारतीय ठरला.

इंडियन ओपन त्यानंतर मुंबई, हैदराबाद, विशाखापट्टणम आणि शेवटी २०१९ मध्ये कोची येथे झाली. मुंबईत मायकेल व्हाइट, हैदराबादला अँथनी मॅकगिल, विशाखापट्टणमला जॉन हिगिन्स आणि कोचीला मॅथ्यू सेल्ट विजेते झाले. कोचीनंतर ती भरलेली नाही. जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये १८७५ मध्ये जन्मलेल्या आणि उटीच्या क्लबात नियमबद्ध झालेल्या या खेळाची एकही रँकिंग स्पर्धा आज भारतात नसावी, याचे मला मनापासून दुःख आहे. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ मध्ये बिलियर्ड्सचे जगज्जेतेपद मिळवून भारताला कोणत्याही खेळातील पहिला वैयक्तिक विश्वविजेता दिला, आणि पंकज अडवाणीचा जन्मही पुण्याचाच. म्हणजे गुणवत्ता आपल्या दाराशी आहे.

यशात सातत्य का राहिले नाही, याचे उत्तर पुन्हा क्रमवारीपाशी येते. रँकिंग स्पर्धा प्रामुख्याने ब्रिटन आणि चीन या दोन देशांत होतात. चौसष्टात टिकायचे तर वर्षातील जवळजवळ प्रत्येक स्पर्धा खेळली पाहिजे, कारण न खेळलेली स्पर्धा म्हणजे शून्य. त्यासाठी घरदार सोडून इंग्लंडमध्ये राहावे लागते. पंकज अडवाणीने २०१४ मध्ये व्यावसायिक कार्ड सोडले आणि बिलियर्ड्ससह भारतात राहून खेळणे पसंत केले. ज्याच्यापाशी हौशी जागतिक विजेतेपदे आहेत, त्याच्याही कामगिरीची किंमत मुख्य क्रमवारीत शून्य धरली जाते. मोजक्या स्पर्धा खेळूनही त्यांतील खेळाच्या दर्जावर ज्याचे स्थान ठरेल अशी पद्धत असती, तर भारतात राहणाऱ्या खेळाडूला निदान दोन्हींचा मेळ घालता आला असता.

पोवई नाका (सातारा)

कऱ्हाडकर, मुलाविषयी विचारले आहे म्हणून सरळ लिहितो. त्याला आत्ताच व्यावसायिक वर्तुळाचे स्वप्न दाखवू नका. आधी राज्य आणि राष्ट्रीय कनिष्ठ गटाच्या स्पर्धा खेळू द्या. त्यासाठी पुण्या-मुंबईला जाऊन चांगल्या टेबलांवर सराव करावा लागेल आणि तो खर्च तुम्हाला उचलावा लागेल. त्याला मोठे ब्रेक करण्यापेक्षा सेफ्टी शिकवा. गावातल्या क्लबात सगळी मुले लाल चेंडू ठोकायला उत्सुक असतात. पांढरा चेंडू बॉल्क कुशनला टेकवून, तपकिरी किंवा हिरव्या चेंडूमागे लपवून ठेवण्याचा सराव कोणी करत नाही, आणि वरच्या पातळीवर सामना तेथेच निसटतो. शाळा सोडू देऊ नका. आशिया आणि ओशनिया विभागाची क्यू स्कूल २०२२ पासून बँकॉकला होऊ लागल्याने इंग्लंडच्या मानाने ती वाट थोडी जवळ आली आहे. मुंबईचा इशप्रीत सिंग चढ्ढा २०२३ पासून व्यावसायिक वर्तुळात खेळत आहे. त्याचे पहिल्या आणि दुसऱ्या फेरीतील सामने मुलाबरोबर बसून पाहा. अंतिम सामने पाहून खेळाची भव्यता कळते, पण पोट कसे भरते हे पहिल्या फेरीतच दिसते.

पटावरचा उंट (सांगली)

मला एक मधला मार्ग सुचतो. कार्ड टिकवणे किंवा जाणे पैशांच्या यादीवरच राहू द्यावे, कारण पोवई नाका म्हणतात तो उपजीविकेचा आणि पारदर्शकतेचा मुद्दा तेथे लागू आहे. परंतु सोडतीतील मानांकन, म्हणजे पहिल्या फेरीत कोणासमोर कोण येणार, हे प्रतिस्पर्ध्याच्या बळावर आधारलेल्या गुणांकनाने ठरवावे. आज ज्याने एका मोठ्या स्पर्धेत रक्कम मिळवली तो दोन वर्षे सोप्या सोडतीचा लाभ घेतो आणि फॉर्मात असलेला नवा खेळाडू पहिल्याच फेरीत एखाद्या दिग्गजासमोर उभा राहतो. सोडत बदलली तर उरलेले बरेच प्रश्न सौम्य होतील.

यात एक तांत्रिक अडचण आहे. स्नूकरमध्ये सामन्यांची लांबी सारखी नसते. सात फ्रेमच्या सामन्यात दुबळ्याला जिंकण्याची जी संधी असते, ती २५ फ्रेमच्या सामन्यात उरत नाही. म्हणून गणित सामन्यावर न करता फ्रेमवर करावे लागेल. ४-३ आणि ४-० यांतला फरकही मग आपोआप नोंदला जाईल, आणि मी आधी लिहिलेल्या त्या १२० व्या क्रमांकाच्या मुलाला त्याच्या तीन फ्रेमचे श्रेय मिळेल.

विश्रामबागकर (सांगली)

हा प्रस्ताव मला मान्य आहे, आणि पोवई नाका यांचा आग्रह त्यात सुरक्षित राहतो असे मला वाटते. मग आपण केवळ मत मांडून थांबू नये. येत्या हंगामातील पहिल्या रँकिंग स्पर्धेपासून, भारतीय खेळाडू ज्या ज्या सामन्यात उतरतील तेवढ्या सामन्यांची नोंद या धाग्यावर ठेवावी: प्रतिस्पर्धी कोण, त्याचा त्या दिवशीचा क्रमांक कोणता, सामना किती फ्रेमचा, निकाल काय आणि पौंड किती मिळाले. पटावरचा उंट यांनी फ्रेमच्या हिशेबाने गुणांकन मांडावे, पोवई नाका यांनी पौंडांची यादी सांभाळावी. हंगाम संपल्यावर दोन्ही याद्या शेजारी ठेवू.

पोवई नाका (सातारा)

पौंडांची यादी माझ्याकडे लागली. त्यात शूट आउटचा रकाना वेगळा ठेवतो, म्हणजे ती धरून आणि वगळून असे दोन्ही आकडे दिसतील. पात्रता फेऱ्यांचे निकाल लगेच टाकत जा, कारण भारतीय खेळाडूंचे निम्मे सामने तेथेच होतात आणि मागाहून शोधायला गेले तर सापडत नाहीत.